भिंतीतलं चाक

रोममध्ये व्हॅटिकनच्या अगदी जवळ सांतो स्पिरितो नावाचं जुनं रुग्णालय आहे. त्याच्या रस्त्याकडच्या भिंतीत लोखंडी जाळी आहे आणि जाळीमागे एक चाक. चाक म्हणजे खरं तर उभ्या आसावर फिरणारं, एका बाजूने उघडं असं लाकडी पिंप. रात्री एखादी बाई येई, अंगावरचं तान्हं मूल त्यात ठेवी, पिंप आतल्या बाजूला फिरवी, घंटा वाजवी आणि अंधारात निघून जाई. आत जागणाऱ्या बाईच्या हाती मूल लागे. मूल आणणारीचा चेहरा मात्र तिला दिसत नसे आणि कुणी तो पाहायला धावतही नसे.

ही युक्ती मुलांसाठी निघालेली नव्हती. जगापासून अलिप्त राहणाऱ्या धर्मभगिनींच्या मठांत असं चाक भिंतीत असे. बाहेरचा माणूस त्यात धान्य, पत्र, औषध ठेवी आणि आतली भगिनी ते फिरवून घेई. दोघांची नजरानजर होत नसे. कुणीतरी त्याच चाकात मूल मावेल एवढी जागा केली. एकांत राखण्यासाठी केलेली वस्तू अब्रू राखण्याच्या कामी आली.

त्यामागचा विचार चाकाहून फार जुना. इसवी सनापूर्वी 1 या वर्षी हिलारिओन नावाच्या मजुराने अलेक्झांड्रियाहून आपल्या गरोदर बायकोला लिहिलेलं पत्र इजिप्तमध्ये सापडलं आहे. मुलगा झाला तर ठेव, मुलगी झाली तर टाकून दे, असं तो सांगतो. त्याच पत्रात तो बायकोची मनापासून काळजीही करतो. तो क्रूर माणूस नव्हता, आणि म्हणूनच ते पत्र वाचवत नाही. मूल ठेवायचं की टाकायचं, हा त्या काळी घरच्या पुरुषाचा साधा अधिकार होता. पहिल्या ख्रिस्ती मंडळींनी नेमका तोच नाकारला. ‘दिदाखे’ या त्यांच्या अगदी सुरुवातीच्या शिकवणुकीच्या पुस्तिकेत गर्भ पाडू नये, जन्मलेलं मूल मारू नये, अशी स्पष्ट आज्ञा आहे. जीव देवाने दिला आहे, तो बापाच्या मर्जीवर नाही, ही कॅथलिक श्रद्धेची धारणा तेव्हापासूनची. 374 साली रोमन कायद्यानेही बालहत्या गुन्हा ठरवली.

पण आज्ञेने मुलाच्या पोटात दूध जात नाही. 787 साली मिलानच्या दातेउस नावाच्या धर्मगुरूंनी हे ओळखलं. लाजेपोटी आया मुलं मारतात आणि ती स्नानसंस्काराविनाच जातात, हे त्यांना सोसवेना. त्यांनी टाकलेल्या मुलांसाठी घर काढलं, अंगावर पाजणाऱ्या दाया पगारावर ठेवल्या, आणि मोठी झाल्यावर ही मुलं कुणाची गुलाम असणार नाहीत असं लिहून ठेवलं. मला त्यांचा पगाराचा निर्णय सगळ्यांत मोलाचा वाटतो.

सांतो स्पिरितोची कथा अशी सांगतात: बाराव्या शतकाच्या अखेरीस टायबर नदीत कोळ्यांच्या जाळ्यात माशांबरोबर मेलेली अर्भकं येऊ लागली. पोप तिसरे इनोसंट हादरले आणि त्यांनी या रुग्णालयात टाकलेल्या मुलांची सोय केली. कथेतला प्रत्येक तपशील इतिहासाच्या कसोटीला उतरेलच असं नाही. पण पंधराव्या शतकात याच रुग्णालयाच्या भिंतींवर ती जाळी आणि ती अर्भकं चितारली गेली. आपण कशासाठी उभे आहोत, हे तिथल्या माणसांनी विसरायचं नाही असं ठरवलं होतं.

फ्लॉरेन्सच्या रेशीम व्यापाऱ्यांच्या संघाने 1419 मध्ये ब्रुनेलेस्कीकडून अनाथालय बांधायला घेतलं. 5 फेब्रुवारी 1445 रोजी तिथे पहिलं मूल आलं. मुलगी होती. तो संत आगाथाचा सण, म्हणून वहीत तिचं नाव आगाता स्मेराल्दा असं लिहिलं गेलं. तिथल्या संग्रहालयात अर्धी तोडलेली पदकं आणि नाणी आहेत: अर्धा तुकडा मुलाच्या कपड्यात, अर्धा आईच्या गाठीशी, पुढेमागे ओळख पटावी म्हणून. या आयांना मूल नकोसं होतं असं म्हणणाऱ्याने ते तुकडे पाहावेत.

चाक पुढे पोर्तुगालात, ब्राझीलमध्ये गेलं. 1811 मध्ये नेपोलियनच्या फर्मानाने फ्रान्सच्या बालाश्रयांत चाक बसवणं सक्तीचं झालं आणि मुलं शेकड्यांनी येऊ लागली. पुढची गोष्ट दुःखाची आहे. दाया पुरत नव्हत्या, एका खोलीत दाटी, साथी, उपदंश. कित्येक आश्रमांत वाईट वर्षांमध्ये निम्म्याहून अधिक मुलं दगावत. जीव पवित्र मानणाऱ्यांच्याच घरात हे घडलं, आणि ते झाकून या चाकाचं कौतुक करणं मला अप्रामाणिक वाटतं. दार उघडं ठेवणं सोपं होतं. आत आलेल्याला जगवायला पैसा, दूध, माणसं लागत होती. 1875 मध्ये फ्लॉरेन्स आणि नेपल्सची चाकं बंद झाली.

एकविसाव्या शतकात ती परतली आहेत. पोलंडमध्ये क्राकूव्हला 2006 मध्ये धर्मभगिनींच्या घराला ‘जीवनाची खिडकी’ बसली. आत उबदार पाळणा, खिडकी उघडताच वाजणारी घंटा. मुलाला आपली ओळख जाणण्याचा हक्क आहे म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने अशा खिडक्यांवर आक्षेप घेतला. आक्षेप खरा आहे. तरी जिवंत राहिलेलं मूलच उद्या आपली ओळख विचारू शकेल, म्हणून खिडकी असावी असंच मी म्हणेन.

माझं भांडण चाकाशी वेगळ्या कारणाने आहे: ते आईला बाहेरच ठेवतं. 1863 मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्याप्रतिबंधक गृह काढलं ते चर्चच्या शिकवणुकीतून नव्हे, पण तिथे विधवेला स्वतः आत येता येई, गुप्तपणे बाळंत होता येई. 1995 च्या ‘एव्हांजेलियम व्हिते’ या पत्रात पोप दुसरे जॉन पॉल गर्भपात केलेल्या स्त्रियांशीही थेट बोलतात, आशा सोडू नका म्हणतात. गर्भातल्या जिवासाठी झटणाऱ्या आपल्या धर्मग्रामांनी आता आईसाठी खोली, बाळंतपणाचा खर्च आणि नंतरच्या वर्षाचं भाडं उभं करावं. चाकाची गरज तिथूनच कमी होत जाईल.