छत्तीसशे फूट

बारामतीच्या धावपट्टीवर तुम्ही शिकाऊ सेसना विमानात बसला आहात. चाकं जमिनीला टेकलेली आहेत, तरी उंची दाखवणारा काटा शून्याच्या बराच वर आहे. घाबरू नका, काटा बरोबर आहे. तो समुद्रसपाटीपासून मोजतो आणि बारामतीची जमीनच तेवढी उंच आहे.

उड्डाण घ्या. कऱ्हा मागे पडते, उसाचे हिरवे पट्टे सरकतात आणि इंदापूरच्या अंगाला उजनीचं पाणी चमकतं. तिथूनच काळ उलटा फिरू लागतो. पाणी ओसरतं, पळसदेवचं बुडालेलं देऊळ कोरडं होतं, भीमा आपल्या जुन्या पात्रात परतते. धरण अजून बांधलेलंच नाही. साल १९६२.

वायव्येला जुन्नरच्या दिशेने वळा. ६ जुलै संपून ७ लागली आहे, मध्यरात्र नुकतीच उलटली आहे. आता तुम्ही अलितालिया या इटालियन कंपनीच्या डीसी-८ मध्ये वैमानिकांच्या मागे उभे आहात. सिडनीहून निघालेलं हे विमान बँकॉकहून मुंबईला येतंय, पुढे रोमला जायचंय. आत ९४ माणसं. बाहेर मिट्ट काळोख, खालचं काहीही दिसत नाही.

मुंबईच्या नियंत्रकाने चार हजार फुटांपर्यंत उतरायला परवानगी दिली आहे. वैमानिक कळवतो की पाच हजार सोडून छत्तीसशेवर येतोय. आवाज शांत आहे, कारण मुंबई अगदी जवळ आली असं त्याला मनापासून वाटतंय. ती अजून ऐंशी-नव्वद किलोमीटर दूर आहे. नियंत्रक आणि वैमानिक दोघेही उंचीच्या आकड्यांबद्दलच बोलतायत, पण वैमानिकाच्या मनातली जागा वेगळी आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर छत्तीसशे फुटांखाली मोकळी हवा असते. इथे त्याच उंचीवर सह्याद्रीचा कातळ उभा आहे. तुम्हाला ओरडावंसं वाटतं, ‘आधी विचारा, आपण नेमके कुठे आहोत?’ पण तुमचा आवाज त्या काळात पोहोचत नाही.

विमान दावंड्याच्या डोंगरावर आदळलं, माथ्याच्या जेमतेम पाच फूट खाली. कुणीही वाचलं नाही. दिशाशोधात चूक झाली, वेळेआधी खाली उतरलं गेलं, किमान सुरक्षित उंची पाळली गेली नाही आणि वैमानिकाला हा मुलूख अनोळखी होता, असं चौकशीत ठरलं. मला यातलं शेवटचं कारण सगळ्यात जास्त छळतं. जुन्नरच्या कुठल्याही गुराख्याला तो डोंगर पाठ होता.

चौतीस वर्षं पुढे या. १२ नोव्हेंबर १९९६, हरियाणातलं चरखी दादरी. कझाक विमानाला पंधरा हजार फुटांवर थांबायला सांगितलं होतं, समोरून येणाऱ्या सौदी विमानाला चौदा हजारांवर. कझाक विमान सांगितलेल्या उंचीच्या खाली घसरलं आणि दोघांची टक्कर झाली. दोन्ही विमानांतले ३४९ जण गेले. त्यानंतर भारतात टक्कर टाळणारं उपकरण सक्तीचं झालं. ते उपकरण समोरचं विमान ओळखतं, डोंगर नाही.

म्हणून विमान चालवायला शिकणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला माझं कळकळीचं सांगणं आहे: उंचीचा आकडा मिळाला की तो पूर्ण परत म्हणा, आणि आपण कुठल्या जमिनीवर आहोत याची खात्री झाल्याशिवाय एक फूटही खाली उतरू नका.