सोनेगावचा अंदाज, भामरागडचे आकाश

हवामानाचा अंदाज म्हटले, की बातम्यांच्या शेवटी येणारे एक वाक्य आपल्याला आठवते : विदर्भात तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता. लग्नघरातल्या यजमानाला तेवढे पुरते. वैमानिकाला पुरत नाही. त्याला सगळा विदर्भ नको असतो. एक धावपट्टी आणि एक ठरावीक वेळ हवी असते. या गरजेतून हवामानशास्त्राची एक वेगळी, आटोपशीर भाषा तयार झाली. ती कशी आली आणि आपल्या जंगलपट्टीत ती कुठे अपुरी पडते, हे आज मला सांगायचे आहे.

भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले, ते विमानांसाठी नव्हे. १८६४ सालचे कलकत्त्याचे चक्रीवादळ आणि त्यानंतरचे दुष्काळ हे त्यामागचे कारण. वेधशाळांतून ऊन, पाऊस, वारा मोजला जाई आणि तारेने कळवला जाई. १९२८ साली खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात. पुढे चारच वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून मुंबईला उतरले. आभाळाकडे पाहण्याची गरज आता शेतकरी आणि नावाडी यांच्याबरोबर वैमानिकालाही लागली.

विदर्भाच्या दृष्टीने महत्त्वाची तारीख म्हणजे ३० जानेवारी १९४९. त्या दिवशी रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून विमाने निघत, मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करून पुन्हा आपापल्या गावी परतत. नकाशावर मद्रासपासून नागपूरपर्यंत सरळ रेघ ओढली, तर ती चांद्याच्या अगदी जवळून जाते. खाली काळोखे जंगल आणि पुढे एकच उजळलेली धावपट्टी. ती दिसेल की नाही, हे आधी कळणे हा जिवाचा प्रश्न होता. नागपूरच्या हवामान कार्यालयाचे मोल त्या काळात मध्यरात्री कळत असे.

सुरुवातीला हे निरोप निरनिराळ्या पद्धतींनी दिले जात. १९६८ पासून आंतरराष्ट्रीय पातळीवर 'मेटार' नावाची ठरावीक संहिता आली. मेटार म्हणजे आत्ता दिसते ते. टॅफ म्हणजे पुढच्या तासांत काय होईल ते. दोन्हींची मांडणी सारखीच. समजा, त्यात २७०१० असा आकडा आहे. पहिले तीन अंक वाऱ्याची दिशा सांगतात. २७० अंश म्हणजे पश्चिमेकडून येणारा वारा. पुढचे १० म्हणजे वेग दहा नॉट, ताशी साधारण साडेअठरा किलोमीटर. नंतर ३००० असेल, तर तीन हजार मीटरपर्यंत दिसते आहे. ढगांसाठी आकाशाचे आठ भाग कल्पितात : तीन-चार भाग झाकले तर 'स्कॅटर्ड', पाच ते सात झाकले तर 'ब्रोकन'. त्यापुढे ०१५ म्हणजे ढगाचा तळ पंधराशे फुटांवर.

टॅफमध्ये 'टेम्पो' हा शब्द येतो. त्याचा अर्थ, बदल होईल पण एका वेळी तासाभराहून कमी टिकेल. शक्यता सांगताना 'प्रॉब ३०' किंवा 'प्रॉब ४०' एवढेच लिहितात. शक्यता त्याहून कमी असेल तर उल्लेखच नाही. निम्मी किंवा अधिक असेल तर सरळ विधान. अंदाज वर्तवणाऱ्याला असे बांधून घेतल्यामुळे वाचणाऱ्याचा गोंधळ होत नाही.

तापमानाचा आकडाही नुसता घामासाठी नसतो. चंद्रपूर समुद्रसपाटीपासून सुमारे १९० मीटरवर आहे. पण मे महिन्यात पारा ४६ अंशांवर गेला, की तापलेली हवा इतकी विरळ होते, की हेलिकॉप्टरच्या पात्यांना ती साडेचार हजार फुटांवरच्या हवेसारखी लागते. म्हणजे चंद्रपूर महाबळेश्वराइतके उंच होते, गारवा मात्र नाही! मग भार कमी करावा लागतो. कोणाला तरी खाली ठेवावे लागते.

आता मुख्य मुद्दा. टॅफ हा विमानतळाच्या आसपासच्या सुमारे आठ किलोमीटरच्या वर्तुळापुरता असतो. ढगाची उंचीही त्या विमानतळापासून मोजलेली. सोनेगावचा पंधराशे फुटांवरचा ढग सुरजागड-भामरागडच्या डोंगरावर टेकलेला असू शकतो. १७ जुलै २०२४ रोजी, आषाढी एकादशीला, त्या वेळचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार नागपूरहून गडचिरोलीला निघाले असता त्यांचे हेलिकॉप्टर ढगांत सापडून वाट चुकले. वैमानिकाने ते सुखरूप उतरवले. ही बातमी झाली, कारण आत मंत्री होते.

नागपूरला डॉप्लर रडार आहे, हे खरे. पण पृथ्वी गोल आहे. दोनशे किलोमीटरवरच्या अहेरीपर्यंत पोचताना रडारचा किरण जमिनीपासून काही किलोमीटर वर गेलेला असतो. त्याखालचा ढग त्याला दिसत नाही. साधे स्वयंचलित हवामान केंद्र पाऊस, वारा, तापमान मोजते. ढगाचा तळ मोजायला वेगळे उपकरण लागते.

१९८२ साली गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. पर्लकोटेला पूर आला, की भामरागडचा रस्ता आजही तुटतो. त्या दिवसांत अडलेल्या बाळंतिणीला किंवा जखमी जवानाला हेलिकॉप्टरचाच आधार असतो, आणि नेमके त्याच दिवसांत ढग सर्वांत खाली असतात. १९४९ साली टपालाच्या थैल्यांसाठी मध्यरात्री आभाळ पाहणारा माणूस सोनेगावला बसवला गेला. तशीच नजर आता अहेरी आणि भामरागडच्या हेलिपॅडशेजारी हवी, असे मला वाटते. ढगाची उंची मोजणारे एखादे यंत्र, दृश्यमानता पाहणारा एखादा शिकलेला स्थानिक तरुण आणि नागपूरपर्यंत पोचणारा निरोप, एवढ्याने सुरुवात होऊ शकेल.