तंजावरचा मराठी कंठ

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये तो कोरविला. चोळांनी उभारलेल्या आणि तमिळ लेखांनी भरलेल्या त्या देवळात हा दीर्घ मराठी लेख पाहून महाराष्ट्रातून गेलेला यात्रेकरू चकित होतो. पुढे १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्राविना निवर्तले आणि नावापुरती उरलेली गादीही कंपनी सरकारने संपविली. सुमारे एकशे ऐंशी वर्षांच्या मराठी राजवटीची अखेर झाली. शिलालेख वाचू शकणारे पिढीगणिक कमी होत गेले. गाणे मात्र टिकले.

दरबारात गाण्याला मान होताच. शहाजीराजांनी (१६८४–१७१२) स्वतः मराठी नाटके रचली, तुळजाराजांनी ‘संगीतसारामृत’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. सरफोजीराजांच्या ‘देवेंद्र कुरवंजी’त तर भविष्य सांगणारी भटकी कुरव स्त्री गात गात साऱ्या पृथ्वीचा भूगोल सांगते. भूगोल पदांतून शिकवावा, तोही मराठीत आणि तमिळ नाट्यप्रकाराच्या चौकटीत, या कल्पनेचा आजच्या शिक्षकालाही हेवा वाटावा. पण ही नाटके दरबाराबाहेर फारशी रुजली नाहीत. लोकांच्या स्मरणात शिरले ते कीर्तन.

समर्थ रामदासांचे शिष्य भीमस्वामी यांनी तंजावरात मठ स्थापिला होता. त्या परंपरेमुळे कावेरीच्या काठी मराठी पदे आणि नामघोष नित्य ऐकू येऊ लागले. तंजावरचे कीर्तनकार मेरुस्वामी यांची कीर्ती त्रावणकोरपर्यंत गेली आणि स्वातितिरुनाळ महाराजांनी त्यांना आपल्या दरबारी आश्रय दिला. गादी गेल्यानंतरही हा ओघ आटला नाही, ही विशेष गोष्ट होय. १८६० नंतरच्या दशकात रामचंद्रबुवा मोरगावकर तंजावरात आले. त्यांच्या कीर्तनाचा बांधेसूदपणा, हातातील चिपळ्या, आख्यान रंगात आले असता मध्येच येणारी साकी किंवा दिंडी, यांनी तिथले रसिक भारून गेले. तंजावर कृष्ण भागवतर या तमिळ कलावंताने ही मराठी पद्धत आत्मसात केली, तिला कर्नाटक संगीताची आणि त्यागराजांच्या कृतींची जोड दिली. त्यातून आजची तमिळ हरिकथा घडली. आर्या, ओवी, साकी, दिंडी, अभंग ही वृत्तनामे तमिळ भागवतरांच्या बोलण्यात घरगुती शब्दांसारखी रुळली.

या स्थित्यंतरात एक अडचण होती. मराठी पदे पाठ करणाऱ्या अनेकांना मराठी येत नव्हती आणि ती उतरून घ्यायची तर हाताशी लिपी तमिळ. त्या लिपीत क, ख, ग, घ या चारही वर्णांना एकच अक्षर. त-वर्गाची आणि प-वर्गाची गतही तीच. म्हणून भजनाच्या पुस्तकांत अक्षरांच्या डोक्यावर बारीक आकडे छापण्याची युक्ती रूढ झाली: दोनाचा आकडा दिसला की ‘ख’, तिनाचा दिसला की ‘ग’, चाराचा दिसला की ‘घ’. मराठी शाळेत बाराखडी गिरवून मोठे झालेल्यांना हे पान गणिताच्या वहीसारखे भासेल. परंतु त्या आकड्यांच्या आधारे ज्ञानोबा-तुकोबांचे शब्द त्यांची भाषा न समजणाऱ्या मुखांत पुष्कळसे शुद्ध राहिले. एवढी काळजी माणूस केवळ प्रेमापोटीच घेतो.

घराघरांतली स्थिती याच्या उलट झाली. तंजावरी मराठी कुटुंबांत घरची बोली टिकली. तिच्यात जुने मराठी शब्द राहिले, तमिळचा हेलही मिसळला. मात्र मुलांचे शिक्षण तमिळ वा इंग्रजीत झाल्याने देवनागरी पुष्कळांच्या हातून सुटली आणि मोडी तर तज्ज्ञांपुरतीच उरली. अशा घरात पाळण्याचे किंवा मंगलकार्याचे गाणे हेच भाषेचे पाठ्यपुस्तक ठरते. ते वाचून येत नाही. आजीच्या मांडीवर ऐकून येते. आजी गेल्यावर ते गाणे कानी पडले की डोळे का भरून येतात, हे तिथल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. त्या गाण्यातला एखादा शब्द रोजच्या बोलण्यातून केव्हाच गेलेला असतो, आणि त्याचा अर्थ विचारावा अशी एकच व्यक्ती होती, तीच आता नाही.

भजनमंडपात गाणे आहे, पण त्यामागची बोली नाही. घरात बोली आहे, पण तिची लिपी नाही. तमिळनाडूत अभंग जिवंत आहे म्हणून मराठीही सुखरूप आहे, असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे ठरेल. अरुणा साईराम यांच्यासारख्या नामवंत गायिकेने मैफलीत नामदेवांचा अभंग आळविला की चेन्नईचे सभागृह टाळ्यांच्या ठेक्यात बुडते. त्या श्रोत्यांपैकी बहुतेकांना ‘विठ्ठल’ या नावापलीकडचे शब्द कळत नसतात. तरी त्यांचा उमाळा खोटा म्हणता येत नाही; त्यांच्याही आजोबांच्या घरी भजन झालेले असते आणि त्यांना आठवते ती ती रात्र, तो समईचा उजेड.

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आज तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते आहेत. रामदासी आणि दत्त संप्रदायांच्या मठांतील संतवाङ्मयही त्यांत आहे. तिथून कुंभकोणमच्या वाटेने निघून गोविंदपुरमला पोहोचावे, तर महाराष्ट्री धाटणीच्या शिखराचे विठ्ठल-रुक्मिणीचे भव्य मंदिर दिसते. तिथे अभंग चालू असतो आणि समोर बसलेली तमिळ मुले टाळ धरून, एकही ठेका न चुकवता, मागे म्हणत असतात.