पाचवे कलम

व्यावसायिक मुष्टियोद्धा पैशासाठी लढतो की नावासाठी, हे त्याला विचारण्यात अर्थ नाही. लढतीआधी जो तो इभ्रतीचीच भाषा बोलतो. त्यापेक्षा कागद बरा. १६ ऑगस्ट १७४३ रोजी लंडनच्या जॅक ब्रॉटन या मुष्टियोद्ध्याने आपल्या ॲम्फीथिएटरसाठी सात नियम ठरवले. मुष्टियुद्धाचे हे पहिले ज्ञात लिखित नियम. ते 'सभ्य गृहस्थांनी' पसंत केले आणि लढणाऱ्यांनी कबूल केले, असे मथळ्यातच नमूद आहे. म्हणजे पसंती एकाची, कबुली दुसऱ्याची.

बाकीची कलमे झुंजीची आहेत. खाली पडलेल्याला मारू नये, कमरेखाली धरू नये, अर्ध्या मिनिटात खडूच्या चौकोनापाशी उभे न राहिल्यास हार. पाचवे मात्र निव्वळ पैशाचे. दुय्यम लढतीत जमलेल्या रकमेचे दोन-तृतीयांश विजेत्याला मिळावेत आणि ही वाटणी मंचावर सर्वांदेखत व्हावी, मग दोघांत खासगीत काहीही ठरलेले असो.

हे शेवटचे शब्द उगाच आलेले नाहीत. खासगी ठराव होत नसते तर त्यांना मोडीत काढायची गरज कुणाला पडली असती? माझा तर्क असा: जिंको कुणीही, अर्धे तुझे अर्धे माझे, असे ठरवून मंचावर चढणारे होते. आपल्या आखाड्यात अशाच ठरवून केलेल्या लढतीला नुरा कुस्ती म्हणतात. चौथ्या कलमालाही हाच वास येतो: मदतनिसाने प्रतिस्पर्ध्याला काही विचारू नये, हार मानण्याचा सल्लाही देऊ नये. केवळ कीर्तीच्या ओढीने हे लोक जीव तोडून लढतील, यावर नियम करणाऱ्यांचा भरवसा दिसत नाही. म्हणून त्यांनी हरण्याची किंमत वाढवली. तरी हरणाऱ्याचा तिसरा हिस्सा राहिलाच, आणि पोटासाठी उतरणाऱ्याला तो कमी नव्हता.

मग ब्रॉटन स्वतः? ११ एप्रिल १७५० रोजी जॅक स्लॅकने लढतीत त्याचे डोळे सुजवून बंद केले. आपण हरलो नाही, फक्त दिसत नाही, असे तो आपला आश्रयदाता कंबरलंडच्या ड्यूकला ओरडून म्हणाल्याचे नंतरचे लेखक सांगतात. तेच लेखक ड्यूकचे दहा हजार पौंड बुडाल्याचेही सांगतात. या गोल आकड्यावर माझा फारसा विश्वास नाही. पैज बुडत असतानाही हा माणूस 'हरलो' म्हणायला तयार नव्हता, हे मात्र पटते. गंमत म्हणजे त्याच्याच नियमांखाली तो हरला होता. १७८९ मध्ये वारल्यावर वेस्टमिन्स्टर ॲबीतील त्याच्या थडग्यावर विजेतेपदाचे शब्द कोरायला डीनने हरकत घेतली. तेवढी जागा कोरीच ठेवली गेली आणि थेट १९८८ मध्ये भरली.

तेव्हा नावाची भूक खोटी नव्हती. पण पाचव्या कलमाची नजर मंचावरच्या पैशापुरतीच होती, आणि खरा पैसा प्रेक्षकांतल्या पैजांत फिरत होता. १७६० मध्ये स्लॅकला हरवणारा बिल स्टीव्हन्स पुढच्याच वर्षी जॉर्ज मेग्ज या नवख्यापुढे सहज पडला. मेग्जच्या पाठीशी स्लॅकच होता. पडण्याचे आपल्याला जिंकण्यापेक्षा जास्त मिळाले, अशी कबुली स्टीव्हन्सने नंतर दिल्याचे मुष्टियुद्धाच्या जुन्या इतिहासांत नोंदले आहे.