कानाची साक्ष आणि ट्रान्झिस्टरचा आवाज

तुळजापुरास भवानीच्या दारी ज्याने संबळ ऐकला आहे, त्यास संबळ कसा वाजतो हे निराळे शिकवावे लागत नाही. एकमेकांस बांधलेली दोन भांडी, एकाचा बोल चढा, दुसऱ्याचा खर्जातला, आणि काठीचा प्रत्येक आघात छातीवर येऊन पडणारा. आपल्या धाराशिव जिल्ह्यातील माणसाच्या कानाला बालपणीच मिळालेली ही ठेव आहे. यंत्रातून येणाऱ्या आवाजाचे गुणदोष पारखायचे, तर अशा ठेवीवाचून गत्यंतर नाही. तथापि साक्षीदार कितीही प्रामाणिक असला तरी त्याची उलटतपासणी करावीच लागते. कानाची ती उलटतपासणी हाच आमचा आजचा विषय होय.

तबकडीवरून फिरणाऱ्या चुंबकी पिकअपमधून निघणारा विद्युत्‌संदेश अवघा काही सहस्रांश व्होल्टचा असतो. तो मोठा करून मुख्य ध्वनिवर्धकाच्या हवाली करणारे, आणि मुद्रणाच्या वेळी मुद्दाम कमी केलेला खर्ज पुन्हा पूर्ववत करणारे यंत्र म्हणजे प्रीअँप्लिफायर. प्रारंभी हे काम काचेचे व्हाल्व्ह करीत. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन यांनी ट्रान्झिस्टर सिद्ध केला. आपल्याकडे तर पुढे ‘ट्रान्झिस्टर’ म्हणजे खांद्याला अडकवायचा रेडिओ, असाच अर्थ रूढ झाला. इंग्लंडात १९५९ साली निघालेला ‘क्वाड २२’ हा प्रीअँप्लिफायर व्हाल्व्हवर चाले; १९६७ चा ‘क्वाड ३३’ ट्रान्झिस्टरवर. आठ वर्षांत पारडे फिरले. त्याबरोबर एक वादही रंगला : व्हाल्व्ह गोड, ट्रान्झिस्टर कर्कश.

हा आरोप अगदीच निराधार नव्हता. आरंभीच्या ध्वनिवर्धकांत दोन ट्रान्झिस्टर आळीपाळीने ध्वनीची लाट उचलीत, आणि एकाकडून दुसऱ्याकडे ती जाताना मध्येच खाच पडे. हळू आवाजात ती विशेष बोचे. पण हा दोष मुख्य ध्वनिवर्धकाचा. बोल मात्र प्रीअँप्लिफायरलाही बसला.

प्रीअँप्लिफायरचा स्वतःचा दोष कोणता, हे तंबोरा जुळविणाऱ्यास लवकर समजेल. षड्जाची तार छेडली की तिच्यातून वरचा षड्ज, त्यावरचा पंचम, आणि कान दिला तर गंधारही उमटतो. यंत्रावर ताकदीबाहेर भार पडला की तेही असेच उपस्वर आपल्या पदरचे मिसळते. १९७३ साली रसेल हॅम यांनी मायक्रोफोनचे प्रीअँप्लिफायर तपासून दाखविले की, अतिभारात व्हाल्व्हकडून वरचा षड्ज ठळकपणे मिसळला जातो, तर ट्रान्झिस्टरकडून पंचम. पहिल्याने आवाज भरदार वाटतो, दुसऱ्याने कोंडलेला. भार मर्यादेत असला म्हणजे हा भेद नाहीसा होऊ लागतो. तेव्हा व्हाल्व्हचा तो गोडवाही पुष्कळदा वरून घातलेली भरच होय. मिरजेचा कारागीर घोडी घासून तंबोऱ्याची जवारी काढतो, तो त्याचा अधिकार. त्याने काढलेल्या जवारीत आणखी भर घालण्याचा अधिकार मधल्या पेटीस नाही.

आम्हीही एकदा फसलो आहोत. एका स्नेह्यांच्या घरी दोन यंत्रे शेजारी मांडली होती. आम्ही छातीठोकपणे एकास कौल दिला, त्याच्या गोडव्यावर चार वाक्येही बोललो. यजमानांनी मीटर लावून पाहिले, तो आमच्या आवडत्या यंत्राचा आवाज किंचित मोठा निघाला! दोन्ही समान करून वर पडदा टाकला, तेव्हा कोणते कोणते हे आम्हांस सांगता येईना. किंचित वाढलेला आवाज कानास मोठा न वाटता चांगला वाटतो. त्यात लबाडी नाही. तो कानाचा स्वभाव आहे.

कान खरा की माप खरे, हा वाद महाराष्ट्रास नवा नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी श्रुतींचा हिशेब मापाने मांडला. त्यांचे बावीस श्रुतींवरील पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. या कामी अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचे साहाय्य त्यांस लाभले. पुढे त्या हिशेबावर बांधलेल्या श्रुति-हार्मोनियमवरून १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत मतभेद झाला. वादाचा निकाल काहीही असो, देवलांनी माप घेताना गायकास समोर बसविले, हा धडा आम्हांस मोलाचा वाटतो. कानास माप तपासू द्यावे, आणि मापास कान.

याच दिशेने १९८२ साली डेव्हिड क्लार्क यांनी अशी तुलना मांडली की, कोणते यंत्र वाजत आहे हे ऐकणाऱ्यास ठाऊक नसते आणि ऐकविणाऱ्यासही नसते. आपण घरी एवढे तरी करावे : दोन्ही आवाज मापाने समान करावेत, यंत्रे पडद्याआड ठेवावीत, आणि एका कौलावर न थांबता पुनःपुन्हा ऐकावे. इतके करूनही भेद ओळखू आला, तर कानाची साक्ष मानावी. न आला, तर महागड्या पेटीचे पैसे वाचले असे समजावे. त्यात कानाचा अपमान नाही.

आणि ऐकण्यासाठी तबकडी निवडाल ती परक्या वाद्याची नको. ज्याचा खरा आवाज आपण समक्ष ऐकला आहे, ते वाद्य निवडा. तुळजापूर फार दूर नाही. आधी तेथे जाऊन संबळ ऐकावा, मग यंत्राचा न्याय करावा, एवढीच आपणांस विनंती करून आम्ही रजा घेतो.