डेकवरचा हाजी

हजविषयी आपल्याकडे कमी लिहिले गेलेले नाही. हजचे अरकान, मसाइल, दुवा सांगणारी पुस्तके घरोघरी आहेत. मक्का-मदिनेच्या जियारतीची वर्णनेही आहेत. पण मुंबईचा धक्का सुटल्यापासून जेद्दाचा धक्का लागेपर्यंत जे दिवस पाण्यावर जात, त्यांविषयी मराठीत हाताशी फार थोडे येते. 1995 साली मुंबई-जेद्दा हा समुद्रमार्ग यात्रेकरूंसाठी बंद झाला. तोवर शेकडो वर्षे आपल्या पूर्वजांचा हज म्हणजे आधी दर्याची सफर आणि मग काबागृहाचे दर्शन असा होता. त्या सफरीचा इतिहास सरकारी कायद्यांत, डॉक्टरांच्या अहवालांत आणि जहाज कंपन्यांच्या दप्तरांत आहे. डेकवर पथारी टाकून बसलेल्या हाजीची बाजू मात्र त्यात क्वचितच दिसते.

हा प्रश्न कल्याणात बसून विचारावासा वाटतो, त्याला कारण आहे. हे शहर मुळात बंदर. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याणचा उल्लेख आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची नावे आहेत. 1657 साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाडीच्या आधाराने त्यांचे आरमार उभे राहू लागले. त्या आरमारात दर्यासारंग आणि दौलतखान हे मुसलमान अधिकारी होते, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. पुढे खाडी गाळाने भरत गेली, मोठी गलबते येईनाशी झाली आणि बंदराचे भाग्य मुंबईकडे गेले.

पण कल्याणचा हजशी असलेला संबंध संपला नाही, त्याचे रूप बदलले. 1 मे 1854 रोजी ठाण्याहून कल्याणपर्यंत आगगाडी आली. 1863 मध्ये बोरघाट आणि 1865 मध्ये थळघाट आगगाडीने ओलांडला, आणि दोन्ही वाटा कल्याणला येऊन मिळाल्या. खानदेश, वऱ्हाड आणि उत्तर हिंदुस्थानचे हाजी एका फाट्याने येत, तर पुणे, सोलापूर आणि दख्खनचे हाजी दुसऱ्या फाट्याने. जळगाव किंवा सोलापूरकडच्या ज्या शेतकऱ्याने जन्मात विहीर आणि नदी यांपलीकडे पाणी पाहिले नव्हते, त्याला खाऱ्या पाण्याचे पहिले दर्शन कल्याण सोडल्यावर मुंब्र्याच्या आसपास खाडीच्या रूपाने होई. तेथून पुढे मुंबई, क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना, लसीचे दाखले, पास, तिकीट आणि शेवटी गोदी.

आगबोटीच्या आधीचा काळ याहून कठीण होता. मोगल काळात सुरतेला ‘बाबुल मक्का’, म्हणजे मक्केचा दरवाजा म्हणत. पण दरवाज्याबाहेरचे पाणी पोर्तुगीजांच्या ताब्यात होते आणि त्यांच्या परवान्याशिवाय जहाज सोडणे धोक्याचे होते. त्या परवान्यावर ख्रिस्ती चित्रे असत. असा परवाना घेऊन जायचे की नाही, आणि वाट सुरक्षित नसेल तर हज फर्ज राहतो का, यावर अकबराच्या दरबारातील उलेमांत वाद झाल्याचे बदायुनीने नोंदवले आहे. बाबराची मुलगी गुलबदन बेगम 1575-76 च्या सुमारास हजला निघाली. परवान्यासाठी सुरतेत तिला बरेच महिने खोळंबावे लागले. परतताना एडनजवळ जहाज फुटले आणि ती 1582 मध्ये परत पोचली. गुलबदन स्वतः लेखिका होती. पण तिच्या ‘हुमायूँनाम्या’ची जी प्रत उरली आहे, ती हजच्या हकिकतीपर्यंत येतच नाही.

आपल्या कोकणात दाभोळ हेही हाजींचे बंदर होते. तेथील खाडीकाठच्या शाही मशिदीची आख्यायिका प्रसिद्ध आहे. विजापूरची एक शाहजादी 1659-60 च्या सुमारास मक्केला जाण्यासाठी दाभोळला आली, समुद्रात धोका असल्याने तिला निघता आले नाही, आणि हजसाठी आणलेल्या पैशांतून तिने मशीद बांधली, असे तिथले लोक सांगतात. आख्यायिकेतला तपशील कितपत खरा, हा वेगळा विषय. समुद्रापर्यंत येऊन परत फिरावे लागलेल्यांचे दुःख लोकांनी लक्षात ठेवले, हे त्यातून कळते.

एकोणिसाव्या शतकात आगबोटी आल्या. 1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर तांबड्या समुद्रातील वाहतूक वाढली आणि तिकीट गरिबाच्या आवाक्यात आले. गरीब हाजी मोठ्या संख्येने निघाला, तशी डेकवरची गर्दीही वाढली. कंपन्या माणसे मालासारखी भरत. मग सरकारने कायदे केले. 1886 मध्ये या यात्रेचा कारभार काही वर्षांसाठी टॉमस कुक कंपनीकडे सोपवण्यात आला. पुढे 1895 चा यात्रेकरू जहाजांचा कायदा आला. दर माणशी किती जागा, किती पाणी, डॉक्टर आहे की नाही, हे सारे कागदावर आले. पण या कायद्यांमागे हाजीच्या सोयीपेक्षा पटकीची धास्ती अधिक होती. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी कामरान बेटावर 1882 मध्ये ऑटोमन सरकारने विलगीकरण तळ उभारला. तेथे हाजींना उतरवून कपडे वाफेवर काढत आणि दिवसच्या दिवस अडकवून ठेवत. हा तळ 1952 पर्यंत चालू होता. बायकांना आणि म्हाताऱ्यांना कामरानची दहशत समुद्रापेक्षा जास्त वाटली असेल, तर नवल नाही.

डेकवरच्या हाजीला इतिहासाने कसे वागवले, हे एका प्रसंगातून नीट दिसते. जहाज मुंबईचे नव्हते. 1880 च्या जुलैमध्ये ‘जेद्दा’ नावाची आगबोट सिंगापूर आणि पेनांगहून साडेनऊशेच्या आसपास हाजी घेऊन निघाली. आफ्रिकेच्या टोकाजवळ वादळात बोटीत पाणी शिरले, तेव्हा गोरा कप्तान आणि त्याचे अधिकारी उतारूंना टाकून होडीतून निघून गेले. दुसऱ्या जहाजाने त्यांना एडनला पोचवले. तेथे त्यांनी सांगितले की ‘जेद्दा’ बुडाली. थोड्याच अवधीत ‘अँटेनर’ या जहाजाने ती बोट ओढत एडनला आणली! हाजींनी पाणी उपसून ती तरंगती ठेवली होती. या घटनेवरून जोसेफ कॉनरॅडने ‘लॉर्ड जिम’ ही कादंबरी 1900 साली प्रसिद्ध केली. जगभर ती वाचली जाते. ती एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या मनातील टोचणीची कथा आहे. पाणी उपसणाऱ्या हाजींपैकी एकाचेही नाव त्या कादंबरीमुळे कोणाला ठाऊक झालेले नाही.

मुंबईच्या हाजींना पुढच्या काळात आठवणारे नाव म्हणजे मोगल लाइन. 1877 मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या एका जहाज कंपनीने 1938 मध्ये हे नाव घेतले. ‘मोहम्मदी’, ‘मुझफ्फरी’, ‘सौदी’, ‘अकबर’, ‘नूरजहाँ’ ही तिच्या जहाजांची नावे जुन्या हाजींच्या तोंडी घरच्या माणसांच्या नावांसारखी असत. मुंबईहून जेद्दा सुमारे 2300 सागरी मैल. जहाज, हवामान आणि थांबे यांप्रमाणे आठवड्यापासून पंधरवड्यापर्यंत वेळ लागे. जहाजे थोडी असल्याने प्रत्येकाच्या अनेक खेपा होत. पहिल्या खेपेला जाऊन शेवटच्या खेपेला परतणारा हाजी तीन-तीन महिने घराबाहेर असे. म्हणून निघताना कर्ज फेडायचे, वाटण्या करायच्या, भाऊबंदांची आणि शेजाऱ्यांची माफी मागायची आणि सामानात कफनाचे कापड ठेवायचे, ही रीत होती. तो रुखसतीचा रिवाज निव्वळ औपचारिक नव्हता.

हाजीला परतीचे तिकीट काढणे किंवा तेवढी रक्कम ठेवणे 1925 च्या कायद्याने बंधनकारक केले. तोवर एकेरी तिकिटावर गेलेले कित्येक गरीब जेद्दाला अडकून पडत. 1932 मध्ये बंदरांवरील हज समित्यांचा कायदा झाला. 1959 साली रिझर्व्ह बँकेने हाजींसाठी दहा आणि शंभर रुपयांच्या खास वेगळ्या रंगाच्या ‘हज नोटा’ काढल्या. त्या इथल्या बाजारात चालत नसत.

या साऱ्या तारखा मिळतात. पण डेकवर दिवस कसा जाई? पत्र्याची पेटी, वळकटी, पाण्याची सुरई आणि शिध्याची गाठोडी यांच्यामध्ये जेवढी जागा उरे, तेवढे हाजीचे घर. पूर्वी उतारू स्वतः स्वयंपाक करीत. पुढे तिकिटातच जेवण आले. पहिले दोन-तीन दिवस बहुतेकांना बोट लागे. कोणी लिंबू चोखत, कोणी लोणच्याची फोड तोंडात धरून पडून राही. त्यात चांद्रवर्ष दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते. 1970 मध्ये हज फेब्रुवारीत होता, तेव्हा दर्या शांत. 1985 मध्ये तो ऑगस्टअखेर आला आणि 1990 मध्ये जुलैच्या आरंभी. म्हणजे त्या वर्षांत भर पावसाळ्यातला अरबी समुद्र कापावा लागे. आपल्याला कोणता समुद्र भेटणार, हे हाजीच्या पैशांवर किंवा ताकदीवर ठरत नसे.

बोट लागणे ओसरले की रिकामे दिवस सुरू होत. पाण्याशिवाय पाहायला काही नाही, काम नाही, घरची चिठ्ठी नाही. अशा वेळी डेकचे मोहल्ले होत. कोकणी मुसलमान शाफई, दख्खनी आणि उत्तरेकडचे बहुतेक हनफी. प्रवासात जोहर-असर एकत्र पढायला शाफई मजहबात मुभा आहे, हनफीत नाही. असरची वेळही दोघांची वेगळी. गावात ज्यांच्या मशिदी वेगळ्या, ते येथे एकाच ताडपत्रीखाली होते. आपली नमाज तीच खरी, असे मानून निघालेल्या माणसाला शेजाऱ्याची वेगळी नमाज रोज पाच वेळा हातभर अंतरावर पाहावी लागे. मनासिक समजावणारे बयान बहुतेक उर्दूत होई. घरी मराठी किंवा कोकणी बोलणारी बाई ते अर्धेमुर्धे समजून घेई आणि उरलेले शेजारणीकडून विचारून घेई. दोरीला चादरी बांधून केलेल्या आडोशामागे जी शिकवणी चालली असेल, तिची नोंद कोणत्याही दप्तरात झाली नाही.

मृत्यूही सोबत असे. म्हातारपणी, सगळ्या जबाबदाऱ्या उरकूनच हजला जाण्याची आपल्याकडे रीत. त्यामुळे वाटेतच कोणाचा तरी वेळ भरे. डेकवर जनाजाची नमाज होई आणि वजन बांधलेला देह पाण्यात सोडला जाई. वाटेत गेलेल्याला हजचा सवाब मिळतो, हा दिलासा असे. पण ज्या घरात हाजी परतला नाही, त्या घराला फातेहा पढायला कबर उरत नसे.

आणि किबला. मुंबईत आपण पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढतो. बोट एडनच्या आखातात शिरली की मक्का वायव्येला येते. बाबुल मंदब ओलांडून तांबड्या समुद्रात वळले की जवळजवळ उत्तरेला. जेद्दाच्या धक्क्यावर उतरल्यावर मक्का असते पूर्वेला. साठ वर्षे मावळतीकडे सजदा केलेला माणूस उगवतीकडे वळे. विमानातही हेच घडते, पण पाच तासांत आणि झोपेत. जहाजावर ते दिवसादिवसाने घडे. मग येलम्लमच्या मीकातजवळ भोंगा वाजे, पुरुष दोन शिवणरहित चादरी नेसत आणि सारे जहाज ‘लब्बैक’ म्हणू लागे. भोंग्याआधीचे ते रिकामे दिवस वाया गेलेले नसत. शेत, दुकान आणि भाऊबंदकी मनातून उतरायला ते लागत.

म्हणून जहाजाचे गोडवे गावेत, असे नाही. डेकवरचे हाल खरे होते आणि त्याच जहाजावर पहिल्या वर्गाची केबिनही होती. इहराम एकसारखा होईपर्यंत समता नव्हती. विमानाने म्हाताऱ्यांचे आणि आजाऱ्यांचे कष्ट वाचवले. 2018 च्या सुरुवातीला समुद्रमार्ग पुन्हा सुरू करण्यास सौदी सरकारने संमती दिल्याचे आपल्या सरकारने जाहीर केले. तेव्हा आधुनिक जहाज दोन-तीन दिवसांत पोचेल, असे सांगण्यात आले. जुन्या सफरीचे गणित त्याहून वेगळे होते.

आणखी एक बाजू राहते. मुंबईच्या जहाजांवर रत्नागिरीकडचे कितीतरी मुसलमान खलाशी, टंडेल, सारंग म्हणून राबले. हाजी जन्मात एकदा ही वाट जाई. खलाशी एका मोसमात अनेकदा. त्याच्या आठवणी उर्दू सफरनाम्यांत नाहीत. त्या आपल्याच बोलीत आहेत आणि आपणच त्या विचारल्या नाहीत.

‘अकबर’वरून शेवटच्या खेपांना गेलेले लोक आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. कल्याण, भिवंडी, मुंब्रा, पडघा, महाड, दापोली येथे ते सापडतील. त्यांना हजचे मसाइल विचारू नयेत, ते पुस्तकात आहेत. शेजारी कोण होते, पाणी कुठून भरले, काय शिजवले, कोण आजारी पडले, बायकांनी कपडे कुठे धुतले, भोंगा वाजला तेव्हा दिवस होता की रात्र, हे विचारावे. घरातल्या माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीवर रंगवलेले नाव आणि गाव पुसण्याआधी तिचा फोटो काढून ठेवावा. तारखांचा इतिहास इतरांनी लिहिला आहे. डेकवर काय घडले, हे लिहिण्याचे काम आपल्याकडे आहे आणि सांगणारी माणसे दर वर्षी कमी होत आहेत.