कृषी केंद्रचालकाची दुहेरी जोखीम : पैसा आणि पत

यवतमाळ–दारव्हा मार्गावरील बोरी अरब हे अडाण नदीच्या खोऱ्यातील गाव. कापूस, सोयाबीन आणि तूर या पिकांवर या परिसराचे सारे अर्थकारण उभे आहे. अशा गावांत कृषी केंद्राचे स्थान केवळ दुकानाचे नसते. बियाणे तेथेच मिळते, पिकावर कीड आली की पान तोडून तेथेच दाखविले जाते आणि हाती पैसा नसला तर मालही तेथूनच उधार उचलला जातो. सल्लागार, विक्रेता आणि सावकार नसलेला धनको अशा तिन्ही भूमिका एकाच गल्ल्यामागे बसलेल्या माणसाला पार पाडाव्या लागतात. या व्यवसायातील आर्थिक धोका आणि नावाला बट्टा लागण्याचा धोका हे वेगवेगळे राहत नाहीत, त्याचे कारण हेच होय. बियाणे उगवले नाही की नाव जाते आणि नाव गेले की उधारीही बुडते.

२०१७ चा खरीप

हा धोका किती गंभीर असू शकतो, हे यवतमाळ जिल्ह्याने २०१७ मध्ये पाहिले. त्या वर्षीच्या फवारणीच्या हंगामात विषबाधेने जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो जणांना यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि अन्य रुग्णालयांत उपचार घ्यावे लागले. डोक्याच्या वर गेलेली कपाशी, दमट व कोंदट हवा, बॅटरीवर चालणारे जोरकस फवारे, हातमोजे व मुखपट्टी यांचा अभाव आणि दोन-तीन रसायने एकत्र करून फवारण्याची पद्धत ही कारणे तेव्हा पुढे आली. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले. नोव्हेंबरमध्ये यवतमाळसह अमरावती विभागातील पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदी घालण्यात आली. काही विक्रेत्यांवर गुन्हे नोंदविले गेले, काहींचे परवाने निलंबित झाले.

यात दोषी कोण, याचा काथ्याकूट पुढे बराच झाला. परंतु विक्रेत्यांपुरते बोलायचे तर एक गोष्ट स्पष्ट झाली. ज्याच्याकडे कोणत्या कंपनीचे, कोणत्या बॅचचे औषध कोणाला, कोणत्या पिकासाठी विकले याची नोंद होती, त्याच्यापाशी निदान सांगण्यासारखे काही होते. ज्याने चिठ्ठीवर नुसती रक्कम लिहून माल दिला होता, त्याच्यापाशी काहीच नव्हते. त्याच वर्षी गुलाबी बोंडअळीने कपाशीचे अतोनात नुकसान केले, त्यामुळे वसुलीही खोळंबली. बंदीत अडकलेला साठा, थकलेली उधारी आणि गावात झालेली चर्चा असे तिन्ही फटके एकाच हंगामात बसले.

कायद्याने दिलेली ढाल

कीटकनाशके अधिनियम, १९६८ हा कायदा विक्रेत्यासाठी केवळ शिक्षेचा आहे, असा सर्वसाधारण समज आहे. तो पूर्णतः खरा नाही. या कायद्याच्या कलम ३० च्या पोटकलम ३ मध्ये आयात वा उत्पादन न करणाऱ्या विक्रेत्याला बचावाची वाट ठेवलेली आहे. त्यासाठी त्याला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. माल परवानाधारक उत्पादक, वितरक वा विक्रेत्याकडूनच घेतला होता. मालातील दोष त्याला ठाऊक नव्हता व वाजवी काळजी घेऊनही कळण्याजोगा नव्हता. आणि तो ताब्यात असताना योग्य रीतीने साठविलेला असून आला तशाच स्थितीत होता. या तिन्ही गोष्टी तोंडी सांगून सिद्ध होत नाहीत. खरेदीचे पक्के बिल, संबंधित कंपनीचे अधिकारपत्र, बॅच क्रमांकानिशी भरलेली साठा नोंदवही आणि सीलबंद विक्री यांतूनच हा बचाव उभा राहतो. हंगामाच्या धामधुमीत शेजारच्या गावातील दुकानातून चार डबे बिलाविना ‘वळते’ करून घेण्याची रीत सर्वत्र आहे. त्या चार डब्यांपुरती ही ढाल विक्रेत्याने स्वतःच टाकून दिलेली असते.

निरीक्षक नमुना घेतो तेव्हा त्याचे तीन भाग केले जातात आणि त्यातील एक भाग विक्रेत्याकडे राहतो. हा भाग अडगळीत फेकून देण्याची वस्तू नव्हे. प्रयोगशाळेचा अहवाल प्रतिकूल आला आणि तो मान्य नसेल तर अहवालाची प्रत मिळाल्यापासून २८ दिवसांच्या आत तसे लेखी कळवावे लागते. मुदत टळली की तो अहवालच निर्णायक पुरावा ठरतो. ‘कंपनीवाले बघून घेतील’ या भरवशावर अनेकांचे हे २८ दिवस निघून जातात.

औषध विकताना लेबलवर नसलेली शिफारस करू नये, हा नियम ऐकायला सोपा आणि पाळायला अवघड आहे. दोन औषधे मिसळून मारली तर चालेल का, असा प्रश्न शेतकरी दिवसातून दहा वेळा विचारतो आणि नाही म्हटले तर तो पलीकडच्या दुकानात जातो. तथापि २०१७ नंतर या प्रश्नाचे उत्तर देताना विक्रेत्याने थबकणे भागच आहे. डब्यावरील रंगीत त्रिकोण म्हणजे लाल, पिवळा, निळा व हिरवा या उतरत्या क्रमाने विषारीपणाची खूण होय. लाल आणि पिवळ्या खुणेचे औषध देताना माहितीपत्रक हाती देणे, हातमोजे व मुखपट्टी दाखविणे आणि फवारणी मजूर करणार असेल तर त्यालाही समजावणे ही चार मिनिटांची कामे आहेत. जीव वाचविण्याचा हेतू त्यांत पहिला आहे. तो बाजूला ठेवला तरी विक्रेत्याच्या स्वतःच्या संरक्षणासाठीही ती आवश्यक ठरतात. हैदराबादच्या ‘मॅनेज’ या राष्ट्रीय संस्थेने २००३ मध्ये कृषी निविष्ठा विक्रेत्यांसाठी ‘देसी’ हा पदविका अभ्यासक्रम सुरू केला. आठवड्यातून एक दिवस याप्रमाणे ४८ आठवडे चालणारा हा अभ्यासक्रम केवळ परवान्याची अट म्हणून उरकण्यापेक्षा सल्ल्याची चूक टाळण्याचे साधन म्हणून करणे अधिक फायद्याचे आहे.

बियाणे आणि तोंडी हमी

बियाण्यांच्या बाबतीत तक्रारीचे स्वरूप वेगळे असते. तेथे जीव जात नाही, पण अख्खा हंगाम जातो. २०२० च्या खरिपात राज्यभर सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा शेतकऱ्याच्या रोषाचा पहिला धनी गावातला दुकानदारच ठरला. सीलबंद पाकिटातील दोषाला विक्रेता कसा जबाबदार, हा विक्रेत्यांचा जुना प्रश्न आहे. राज्य सरकारने २०२३ मध्ये आणलेल्या विधेयकांविरोधात विक्रेत्यांनी त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये दुकाने बंद ठेवली, त्यामागेही हाच प्रश्न होता.

सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या प्रकरणात सदोष बियाण्याबद्दल शेतकऱ्याला ग्राहक मंचाकडे दाद मागता येते, हे निःसंदिग्धपणे सांगितले. त्यानंतर २० जुलै २०२० पासून ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ लागू झाला. त्याच्या कलम ८६ मध्ये उत्पादक नसलेला विक्रेता केव्हा जबाबदार धरला जाईल, हे दिले आहे. वस्तूत फेरफार केला असेल, उत्पादकाचा पत्ता लागत नसेल, वस्तूची वाजवी काळजी घेतली नसेल किंवा उत्पादकाने दिलेल्या धोक्याच्या सूचना ग्राहकापर्यंत पोचविल्या नसतील, तर जबाबदारी विक्रेत्यावर येते. यातच आणखी एक बाब आहे आणि ती दुकानदारांच्या अंगवळणी पडलेल्या सवयीवर नेमके बोट ठेवते. उत्पादकाच्या हमीव्यतिरिक्त विक्रेत्याने स्वतंत्र हमी दिली असेल आणि वस्तू त्या हमीस उतरली नसेल, तरीही तो जबाबदार ठरतो. ‘एकरी बारा क्विंटल नाही झाले तर पैसे परत’ हे वाक्य ग्राहक टिकविण्यासाठी उच्चारले जाते. पावतीच्या मागे लिहून दिले किंवा व्हॉट्सअॅपवर पाठविले तर त्याचा पुरावा होतो.

बियाणे नियम, १९६८ नुसार विकलेल्या प्रत्येक लॉटची नोंद तीन वर्षे जपावी लागते. पावतीवर वाण, लॉट क्रमांक आणि खरेदीदाराची सही असावी. तक्रार आलीच तर तालुकास्तरीय तक्रार निवारण समितीच्या पाहणीच्या वेळी विक्रेत्याने शेतात स्वतः हजर राहावे. पेरणीची खोली, त्या दिवसांतील पाऊस, शेजारच्या शेतात त्याच लॉटची झालेली उगवण या गोष्टी पंचनाम्यात येतात किंवा राहून जातात, ते तेथेच ठरते. ग्राहक आयोगाची नोटीस आल्यास लेखी म्हणणे ३० दिवसांत द्यावयाचे असते आणि आयोग फार तर १५ दिवस वाढवून देऊ शकतो. ४५ दिवसांनंतर आलेले म्हणणे स्वीकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे.

‘चोरबीटी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, मान्यता नसलेल्या तणनाशकसहिष्णू कपाशीच्या बियाण्याबाबत फार लिहिण्याची गरज नाही. त्याला ना पावती असते, ना लॉट, ना उत्पादक. वर सांगितलेल्या बचावांपैकी एकही तेथे लागू पडत नाही. टंचाईच्या काळात युरियाच्या ४५ किलोच्या पोत्याबरोबर दुसरे खत गळ्यात मारण्याचा ‘लिंकिंग’चा प्रकारही असाच आहे. वरून सक्ती होते, हे खरे असले तरी शेतकऱ्याच्या लक्षात राहते ते दुकानदाराचे नाव.

उधारीचे गणित

पेरणी जूनमध्ये होते आणि कापसाचा पैसा दिवाळीच्या पुढे-मागे येतो. कंपन्या व वितरक मात्र इतके थांबत नाहीत. या मधल्या पाच-सहा महिन्यांचा भार दुकानदाराच्या कॅश क्रेडिट खात्यावर पडतो. समजा, २० लाखांचा माल उधार गेला आणि त्यात विक्रीच्या ८ टक्के, म्हणजे १ लाख ६० हजार रुपये नफा आहे. खरेदीचे १८ लाख ४० हजार बँकेचे असतील तर १२ टक्के दराने सहा महिन्यांचे व्याज १ लाख १० हजारांच्या घरात जाते. उरतात जेमतेम ५० हजार. म्हणजे सारख्या रकमेच्या शंभर गिऱ्हाइकांपैकी तिघांनी पैसे बुडविले तरी वर्ष तोट्यात गेले. भाडे, नोकर, हमाली यांचा हिशेब यात धरलेलाही नाही. उधारीची भावात ठेवलेली चढती पट्टी आणि रोखीची उतरती पट्टी यांतील अंतर पुष्कळ दुकानांत या गणितापेक्षा अंदाजाने ठरते.

सरकारच्या २०१७ व २०१९ च्या कर्जमाफी योजना बँकांच्या पीककर्जासाठी होत्या, दुकानाच्या वहीतली उधारी त्यात कधीच नव्हती. ती वसूल करण्याचा कायदेशीर मार्ग आहे, पण त्याला मुदत आहे. मुदत कायदा, १९६३ प्रमाणे विकलेल्या मालाच्या किमतीसाठी तीन वर्षांत दावा लावावा लागतो. परतफेडीचा दिवस ठरला नसेल तर ही मुदत माल दिल्यापासून मोजली जाते. मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने बाकी मान्य असल्याची लेखी सही दिली तर तीन वर्षे नव्याने सुरू होतात. दर पाडव्याला खाते समजावून बाकीखाली सही घेण्याच्या जुन्या व्यापारी रिवाजात हे शहाणपण आपोआप सामावलेले होते. संगणकावर हिशेब आल्यापासून सही मागे पडली. शिवाय भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम २८ नुसार केवळ हिशेबवहीतील नोंद कोणावर देणे लादण्यास पुरेशी नसते, तिला सहीच्या पावतीसारखा दुसरा आधार लागतो.

धनादेश वटला नाही तर बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, त्यानंतर पैसे देण्यास १५ दिवस आणि ते सरल्यावर एका महिन्यात फिर्याद असा क्रम आहे. मात्र उधारीवर व्याज आकारणे, त्यातही शेतीची कागदपत्रे वा दागिने ठेवून घेणे, विक्रेत्याला महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ च्या कचाट्यात नेऊ शकते. यवतमाळसारख्या शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या जिल्ह्यात वसुलीसाठी दारात चार माणसे नेऊन बसविणे हे कायद्याच्या आणि माणुसकीच्या दोन्ही दृष्टींनी घातक आहे. एखाद्या गिऱ्हाइकाची मर्यादा जूनमध्येच ठरविणे आणि ती सांगणे यात कटुता कमी असते.

विमा, क्यूआर कोड आणि अफवा

साठ्याच्या विम्यासाठी १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी उपलब्ध आहे. एका ठिकाणची मालमत्ता ५ कोटी रुपयांपर्यंत असलेल्या व्यवसायांना ती घेता येते आणि आगीबरोबर पुराचेही संरक्षण तीत मिळते. जुलै २०२३ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील पुराने ही गरज अधोरेखित केली. घरफोडीचा विमा निराळा घ्यावा लागतो. येथे चूक होते ती रकमेत. फेब्रुवारीतला साठा पाहून १८ लाखांचा विमा उतरविला आणि जूनमध्ये ३० लाखांचा माल असताना १० लाखांचे नुकसान झाले तर भरपाई त्याच प्रमाणात, म्हणजे ६ लाखच मिळते. विम्याची रक्कम १५ टक्क्यांपर्यंत कमी पडली तर ती दुर्लक्षिली जाते, त्यापुढे नाही.

दुकानात चिकटविलेला क्यूआर कोड रोज सकाळी स्वतः तपासावा. पैसे आल्याची खात्री ग्राहकाच्या मोबाइलवरील चित्रावरून न करता आपल्या खात्यावरून करावी. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळविले तर रक्कम गोठविली जाण्याची शक्यता असते. तासांचा उशीरही महागात पडतो.

गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर ‘अमक्याकडचे बियाणे बोगस’ असा मजकूर फिरला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीची फिर्याद करता येते. पण ती पहिली पायरी असू नये. तक्रार करणारा बहुधा जुना गिऱ्हाईक असतो आणि त्याचे नुकसान खरे असू शकते. त्याच दिवशी त्याच्या शेतावर जाणे, लॉट क्रमांक पाहणे, त्या लॉटची उरलेली विक्री थांबविणे, कंपनीला व तालुका कृषी अधिकाऱ्याला लेखी कळविणे आणि त्याच लॉटचे बियाणे नेलेल्या इतरांना फोन करणे हा क्रम योग्य ठरतो. कोणाकोणाला फोन करायचा, हे अर्थात पावतीपुस्तकात प्रत्येकाचे नाव आणि लॉट क्रमांक लिहिलेला असेल तरच कळते.